बुंदीचे लिव्हर आणि घोडबंदर रस्त्यावरचा दवाखाना

आमच्या बुंदीवर, म्हणजे शित्झू जातीच्या आमच्या कुत्रीवर, दिवाळीनंतरच्या आठवड्यात मुंबईतील एका रुग्णालयात जन्मजात शंटची, म्हणजे लिव्हरला चुकवून जाणाऱ्या रक्तवाहिनीची, शस्त्रक्रिया झाली. त्या शस्त्रक्रियेविषयी येथे फारसे लिहिणार नाही, कारण त्या रुग्णालयात आम्ही जेमतेम चार दिवस होतो. हा अभिप्राय आहे तो त्यानंतरचे जवळजवळ सहा महिने बुंदीची देखभाल करणाऱ्या, घोडबंदर रस्त्याच्या आतील बाजूस असलेल्या एका लहान पशुदवाखान्याविषयी. दवाखान्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. डॉक्टर मॅडमना विचारले, तेव्हा ‘नाव नका लिहू, आधीच रविवारी बसायला जागा नसते,’ असे त्या म्हणाल्या. आणि पुढे काही तक्रारीही करायच्या असल्याने मलाही ते सोयीचे वाटले.

आधी आजार काय होता ते सांगितले पाहिजे, नाहीतर दवाखान्याने नेमके काय केले हे कळणार नाही. जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्याकडून येणारे रक्त पोर्टल शिरेतून थेट लिव्हरमध्ये जाते, तेथे गाळले जाते आणि मगच हृदयाकडे जाते. लिव्हरला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या एकाच शिरेतून येते. काही पिल्लांमध्ये जन्मतःच या शिरेला एक आडवाट, म्हणजेच शंट, असते आणि रक्त लिव्हरला बगल देऊन मोठ्या शिरेत मिसळते. मॅडमनी पहिल्याच भेटीत हे ठाणेकराला समजेल अशा भाषेत सांगितले होते: मुलुंड चेकनाक्यावर थांबायचे ट्रक गल्लीतून परस्पर शहरात शिरले, तर नाक्यावरच्या माणसांना काम राहणार नाही आणि शहरात काय येऊन पडेल याचा नेम राहणार नाही. लहान जातींमध्ये, म्हणजे यॉर्कशायर टेरिअर, माल्टीज, शित्झू, पग यांच्यात ही आडवाट बहुधा लिव्हरच्या बाहेर असते. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या जातींत ती बहुधा लिव्हरच्या आत असते आणि तिची शस्त्रक्रिया अधिक अवघड असते. बुंदीची बाहेरची होती, हे सीटी स्कॅनमध्ये दिसले.

आडवाटेचे परिणाम आम्ही चार महिने खोडकरपणा समजत होतो. जेवणानंतर तासाभराने बुंदी कपाटाला डोके टेकवून उभी राहायची, हाक मारली तरी वळायची नाही; कधी एकाच दिशेने गोल गोल फिरायची, तोंडातून लाळ गळायची. अन्नातील प्रथिने पचताना आतड्यात तयार होणारा अमोनिया लिव्हरमध्ये युरियात बदलला जात नव्हता आणि थेट मेंदूपर्यंत पोहोचत होता, हे नंतर कळले. आठ महिन्यांची असताना तिचे वजन 2.9 किलो होते. रक्तातील युरिया कमी, अल्ब्युमिन (लिव्हरमध्ये बनणारे रक्तातील प्रथिन) कमी, आणि जेवणानंतरचे बाइल ॲसिड, म्हणजे लिव्हरने रक्तातून परत उचलायचे पित्तातील आम्ल, 190 मायक्रोमोल प्रति लिटर. हा आकडा 25च्या वर गेला की शंका घ्यायची असते. येथपर्यंतचे निदान याच दवाखान्याने केले, आणि ते करताना ‘ही शस्त्रक्रिया मी करत नाही, नियमितपणे करणाऱ्याकडेच जा’, असे स्पष्ट सांगून पुढे पाठवले. हा त्यांच्या बाजूचा पहिला मोठा गुण.

मुंबईत बुंदीच्या त्या आडवाटेच्या शिरेभोवती ॲमेरॉइडचे कडे बसवले. बाहेरून स्टेनलेस स्टीलची पट्टी आणि आत केसीन, म्हणजे दुधातलेच एक प्रथिन, दाबून घट्ट केलेले. ते शरीरातील ओलावा शोषून आतल्या बाजूने फुगते, शिवाय त्याच्यामुळे भोवती तंतुमय पेशी वाढतात, आणि शीर दोन ते पाच आठवड्यांत हळूहळू बंद होते. आमच्या आईला हे फार पटले. ‘दुधाचेच आहे ना, मग बाधणार नाही,’ असे तिने जाहीर केले. शीर अशी हळूहळू बंद करण्याचे कारण मात्र वेगळे आहे. वापरात नसल्यामुळे लिव्हरमधील पोर्टल शिरेच्या फांद्या अरुंद राहिलेल्या असतात. आडवाट एका क्षणात बंद केली, तर सगळे रक्त त्या अरुंद फांद्यांवर येऊन आदळते, दाब वाढतो, पोटात पाणी साठते आणि प्राणी दगावूही शकतो. त्यामुळे खरी शस्त्रक्रिया टेबलवर संपत नाही. ती घरी आणल्यावर महिनाभर चालूच असते, फक्त दिसत नाही. त्या महिनाभरासाठी जवळ एक चांगला दवाखाना लागतो, आणि माझ्या मते कुत्र्याच्या मालकाने शस्त्रक्रियेचा दिवस ठरवण्याआधी तो ठरवून ठेवावा.

मुंबईहून आलेला डिस्चार्जचा कागद एका पानाचा होता, आणि त्यावर बसवलेल्या कड्याचा आकारही लिहिलेला नव्हता. तो मिळवण्यासाठी मॅडमनी तीन वेळा फोन केले. ही तक्रार त्या रुग्णालयाची. तेथील शस्त्रक्रियेबद्दल मला काही म्हणायचे नाही.

माझा व्यवसाय हिशेब तपासण्याचा आहे, त्यामुळे मी दवाखान्यात सर्वांत आधी वही पाहतो. येथे प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र वही आहे, रेघांची, शाळेतली असते तशी, आणि बुंदीच्या वहीच्या पहिल्या पानावर मॅडमनी पाच रकाने आखले: वजन, पोटाचा घेर, शीची संख्या व प्रत, वागणूक, चालू औषधे. पोटाचा घेर मोजण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेसाठी केस काढलेल्या जागेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, त्यांनी मार्करने एक ठिपका काढला होता. शिंप्याकडे असते तशी पिवळी टेप त्या ठिपक्यावरून फिरवायची, बुंदी उभी असताना, तिने श्वास सोडल्यावर, आणि सकाळच्या जेवणाआधीच. पहिले तीन आठवडे दर चौथ्या दिवशी हे झाले. पुसट झालेला ठिपका प्रत्येक वेळी पुन्हा ठळक करायचा. पोर्टल शिरेतील दाब वाढून पोटात पाणी साठू लागले, तर ते डोळ्यांना दिसण्याआधी टेपला कळते, असे त्यांचे म्हणणे. बुंदीचा घेर 31 सेंटिमीटरच्या आसपास राहिला, एकदा 32.5 आला, तेव्हा त्यांनी लगेच सोनोग्राफीचे यंत्र टेकवून पाहिले. पाणी नव्हते. आदल्या रात्री आईने भात जरा जास्त घातला होता.

याच शिस्तीत एक ढिलाईही सापडली. वजनकाटा सुरुवातीला प्रतीक्षाकक्षात ठेवलेला होता आणि त्याखालची फरशी उंचसखल होती. दोन भेटींमध्ये बुंदीचे वजन 150 ग्रॅमने घटलेले दिसले. तीन किलोच्या कुत्रीत हा फरक पाच टक्क्यांचा होतो, म्हणजे काळजीचा. मी पुढच्या वेळी घरून साखरेचा एक किलोचा न फोडलेला पुडा नेला आणि काट्याच्या चारही कोपऱ्यांत ठेवून पाहिला. चार कोपऱ्यांत चार आकडे. मॅडम आधी जरा चिडल्या, मग हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी काटा आतल्या खोलीत, कडाप्प्याच्या ओट्यावर गेला. तक्रार ऐकून बदल करणारा दवाखाना दुर्मीळ, म्हणून ही गोष्ट दोन्ही बाजूंनी नोंदवतो.

औषधांकडे वळतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन-चार दिवस, क्वचित आठवडाभर, काही कुत्र्यांना आकडी येते; अमोनिया ठीक असतानाही येते, आणि एकदा सुरू झाली की आवरणे फार कठीण जाते. त्यासाठी लेव्हेटिरॅसिटॅम शस्त्रक्रियेआधीपासून चालू होते, दर आठ तासांनी: सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10. हे औषध अचानक थांबवायचे नसते आणि दीर्घकाळ काम करणाऱ्या प्रकारची गोळी तोडून द्यायची नसते, त्यामुळे इतक्या लहान कुत्रीला मुलांचे सिरप द्यावे लागले. येथे दवाखान्यातील सहायक दादांचे एक काम माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. औषधांच्या दुकानातून आणलेली बाटली मी त्यांच्या हाती दिली, तेव्हा त्यांनी खिशातून भिंग काढून लेबलवरचे बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचले. मुलांच्या साखरविरहित सिरपमध्ये कधी कधी झायलिटॉल हा गोडीसाठीचा पदार्थ असतो. माणसाला ते चालते, कुत्र्याच्या रक्तातील साखर मात्र ते झपाट्याने उतरवते आणि लिव्हरवरही घाला घालते. आमच्या बाटलीत ते नव्हते. नव्हते हे सांगितल्यावरच त्यांनी ती परत दिली.

दुसरे औषध लॅक्टुलोज. ते आतड्यातील जिवाणूंकडून आम्ल तयार करवते, त्यामुळे अमोनिया रक्तात शिरू शकत नाही अशा रूपात अडकतो आणि शीवाटे निघून जातो. मात्रा बाटलीवर पाहून ठरत नाही, शी पाहून ठरते: दिवसातून दोन-तीन वेळा, मऊ, पण पाण्यासारखी नव्हे. पातळ झाली तर पाणी व क्षार जातात आणि उलट नुकसान होते. आमच्या आजोबांना बद्धकोष्ठासाठी हेच औषध असायचे, हे आईला बाटली पाहताच आठवले. सिरिंजच्या तोंडाशी उरलेल्या थेंबाला मुंग्या लागतात, तेव्हा सिरिंज वापरल्याबरोबर गरम पाण्याने धुवावी, ही सूचना दवाखान्याने दिली नव्हती. ती आमच्या नौपाड्याच्या स्वयंपाकघरातून देत आहे.

या दवाखान्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे एका वेळी एकच बदल करण्याचा हट्ट. पाचव्या आठवड्यात बुंदी इतकी चपळ झाली होती की सगळी औषधे बंद करून तिला आपले नेहमीचे अन्न द्यावे, असे घरात सर्वांनाच वाटू लागले. मॅडमनी आधी चालू असलेले अँटिबायोटिक थांबवले आणि दोन आठवडे दुसरे काहीही बदलू दिले नाही. मग आकडीचे औषध टप्प्याटप्प्याने उतरवले. मग लॅक्टुलोज, तेही अर्ध्यावर आणून आणखी दोन आठवडे. आहारातील प्रथिने शेवटी. हा क्रम प्रत्येक कुत्र्यासाठी असाच असतो असे नाही, ते आपापल्या डॉक्टरांनी ठरवायचे. पण दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि कुत्रे पुन्हा कपाटाला डोके टेकू लागले, तर कारण कोणत्या गोष्टीत शोधणार, हा त्यांचा प्रश्न कोणत्याही हिशेबनीसाला पटेल असा आहे.

आहाराविषयी जितके सल्ले आम्हाला मिळाले, तितके बहुधा लग्नाच्या वेळीही मिळाले नव्हते. सोसायटीतील एकाने सांगितले की प्रथिने पूर्ण बंद करा. ज्यांच्याकडून बुंदी आणली त्या गृहस्थांनी फोनवर उलट सांगितले: ‘लिव्हर लहान आहे ना, मग बकऱ्याचे लिव्हर उकडून घाला, लिव्हरने लिव्हर वाढते.’ आईलाही ते पटू लागले होते आणि तिने मॅडमना विचारलेच, ‘अहो डॉक्टर, थोडी कलेजी दिली तर काय होईल?’ मॅडमनी वीस मिनिटे बाजूला काढून दोन्ही सल्ले खोडले. वाढणाऱ्या लिव्हरला प्रथिने लागतातच. ती पूर्ण तोडली तर स्नायू झिजतात आणि अल्ब्युमिनही वर येत नाही. म्हणून प्रथिने मर्यादित ठेवायची, पण चांगल्या प्रतीची, आणि लक्षणे दिसत नसतील तर हळूहळू वाढवायची. लाल मांस आणि कलेजी यांच्यापेक्षा दूध, सोया, अंडे यांच्यातील प्रथिने अशा कुत्र्यांना अधिक मानवतात. शिवाय कलेजीत तांबे भरपूर असते आणि ते दुखावलेल्या लिव्हरला नको असते. लिव्हरसाठी मिळणाऱ्या तयार आहारात तांबे कमी ठेवलेले असते, त्याचेही कारण हेच.

कलेजीचा विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट. 1877 साली पीटर्सबर्गमध्ये निकोलाय एक नावाच्या शल्यविशारदाने (आडनावच एक, त्याला इलाज नाही) निरोगी कुत्र्यांमध्ये मुद्दाम अशी आडवाट तयार करून पाहिली: पोर्टल शीर थेट मोठ्या शिरेला जोडली. आठांपैकी सात कुत्री पहिल्या आठवड्यातच गेली. आठवे अडीच महिने जगले आणि मग पळून गेले. पुढे 1893 साली पाव्हलॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच जोडणी केलेली कुत्री अधिक काळ जगवली, आणि मांस खाल्ल्यावर ती झिंगतात, आंधळ्यासारखी वागतात, त्यांना आकडी येते, असे नोंदवले. बुंदी कपाटाशी जे करत होती, तेच. त्या कुत्र्यांवर काय गुदरले असेल ते सोडा, पण कलेजीचा सल्ला देणाऱ्याला उत्तर म्हणून एवढे पुरेसे आहे.

आमच्या घरी शेवटी जे जमले ते असे: अर्धा तयार लिव्हर आहार, अर्धे घरचे, घरचे म्हणजे मऊ भात किंवा रवा, घरीच फाडलेल्या गायीच्या दुधाचे पनीर, थोडा लाल भोपळा, मीठ नाही, कांदा-लसूण अर्थातच नाही. दिवसातून चार वेळा थोडे थोडे, कारण एकदम मोठे जेवण म्हणजे एकदम मोठा अमोनिया, आणि लहान लिव्हरमध्ये साखरेचा साठा कमी असल्याने फार वेळ उपाशी ठेवणेही धोक्याचे. दवाखान्यात तयार आहाराच्या पिशव्या विकायला असूनही मॅडमनी घरच्या अन्नाला नाक मुरडले नाही; फक्त आठवड्याचे प्रमाण ग्रॅममध्ये लिहून मागितले. चकचकीत बाटल्यांतील लिव्हर टॉनिकविषयी विचारले, तेव्हा त्यांनी कपाटाकडे न पाहताच, ‘पैसे वाचवा, बाइल ॲसिडच्या तपासणीला लागतील,’ असे उत्तर दिले.

ती तपासणी म्हणजे या अभिप्रायातील कडू भाग. बाइल ॲसिड दोनदा मोजतात: रात्रभराच्या उपाशीपोटी एकदा आणि खाऊ घातल्यावर बरोबर दोन तासांनी एकदा. पहिल्या महिन्याच्या तपासणीत उपाशीपोटीचे रक्त नऊ वाजता घेतले, खाणे दिले, आणि दुसरे रक्त घेण्याआधीच बाहेरच्या प्रयोगशाळेचा माणूस पहिली नळी घेऊन निघून गेला. दुसरी नळी संध्याकाळच्या फेरीत गेली, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की तांबड्या पेशी फुटल्या आहेत, नमुना निकामी. तीन किलोच्या जिवाचे रक्त, पुन्हा उपास, पुन्हा घोडबंदर रस्त्यावरील वाहतुकीत दीड तास. चूक प्रयोगशाळेची असली तरी तिच्याशी करार दवाखान्याचा आहे, आणि पहिल्या वेळी त्यांनी आमच्याकडून दोनदा पैसे घेतले. मी लेखी तक्रार केल्यावर दुसऱ्या तपासणीचे पैसे परत मिळाले, पण ते मागावे लागले. अमोनियाच्या बाबतीत मात्र त्यांचा प्रामाणिकपणा नोंदवायला हवा: अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून लगेच तपासावा लागतो, स्कूटरच्या डब्यातून फिरून आलेल्या नमुन्याचा आकडा विश्वासार्ह नसतो, म्हणून ती तपासणी आम्ही करतच नाही, असे त्यांनी आधीच सांगितले होते.

पुढच्या तपासण्यांत मॅडमनी प्रयोगशाळा बदलली नाही, पण वेळ बदलली. आता दोन्ही नळ्या एकत्र, थंड पेटीतून, दुपारी जातात. आकडे असे आले. पहिल्या महिन्यात जेवणानंतरचे बाइल ॲसिड 96, तिसऱ्या महिन्यात 41, अल्ब्युमिन 1.9 वरून 2.8 ग्रॅमवर, वजन 4.1 किलो. 41 पाहून मी अस्वस्थ झालो, कारण ते अजून 25च्या वरच होते. यावर मिळालेले स्पष्टीकरण मला या सहा महिन्यांतील सर्वांत उपयोगी वाटते. शंट असलेल्या कुत्र्याच्या लिव्हरमधील पेशी मुळात बिघडलेल्या नसतात, उपाशी असतात. पोर्टल रक्तातून येणारी पोषकद्रव्ये आणि स्वादुपिंडाची इन्शुलिनसारखी संप्रेरके न मिळाल्याने लिव्हर खुजे राहते. रक्त परत येऊ लागले की ते वाढते, आणि ही वाढ सुरुवातीच्या दिवसांत सर्वांत वेगाने होऊन पहिल्या दोन महिन्यांत बरीचशी उरकते. पण आकार वाढला म्हणजे आतील सर्व बारीक फांद्या पूर्ववत झाल्या असे नाही. त्यामुळे अगदी ठणठणीत झालेल्या अनेक कुत्र्यांतही बाइल ॲसिड थोडे चढेच राहते. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असे म्हणायचे नाही. आकडा उतरणीला आहे का, अल्ब्युमिन आणि युरिया वर येत आहेत का, आणि कुत्रे कसे वागते, हे सगळे एकत्र पाहायचे. आकडा पुन्हा चढू लागला किंवा लक्षणे परतली, तर मात्र कडे नीट बंद झाले नाही किंवा दाबामुळे नव्या आडवाटा फुटल्या, अशी शंका घेऊन पुन्हा सीटी करायचा.

तिसऱ्या महिन्यातील सोनोग्राफी मी बाजूला उभा राहून पाहिली. शस्त्रक्रियेआधीच्या चित्रात लिव्हर बरगड्यांच्या आत इतके दडलेले होते की यंत्र टेकवायला जागा सापडत नव्हती. या वेळी त्याची कड बरगडीच्या खाली सहज आली, आणि डॉप्लरवर पोर्टल शिरेतील रक्त लिव्हरच्या दिशेने जाताना दिसले.

मला त्याहून जास्त लक्षात राहिली ती सूक्ष्मदर्शकाखालची काच. शस्त्रक्रियेआधी मॅडमनी बुंदीच्या लघवीचा थेंब मला दाखवला होता: तपकिरी गोळे, भोवती काटे, हुबेहूब धोत्र्याची फळे. लिव्हरने अमोनियाचे युरियात आणि युरिक ॲसिडचे पुढच्या पदार्थात रूपांतर केले नाही, की हे दोन्ही लघवीत येऊन त्यांचे असे खडे बनतात, आणि ते साठले तर मूत्राशयात दगड होतो. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला पुन्हा बोलावून डोळा लावायला सांगितले. मी दोन मिनिटे शोधत राहिलो. एकही धोत्रा नव्हता.

उरलेल्या तक्रारी थोडक्यात. रात्रीची सेवा नाही. दुसऱ्या आठवड्यात रात्री पावणेअकराला बुंदीने आकडीचे औषध ओकून टाकले, ते पुन्हा द्यावे की नाही हे विचारायला कोणी फोन उचलला नाही आणि व्हॉट्सॲपवर उत्तर सकाळी आठला आले. अशा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात रुग्णाला रात्रीचा एक पर्यायी क्रमांक देणे हे दवाखान्याचे काम आहे, आणि ते येथे होत नाही. ज्यांना चोवीस तास कोणीतरी हवे त्यांनी तशी दुसरी व्यवस्था आधीच करून ठेवावी. मांजरे आणि कुत्री एकाच खोलीत बसतात, त्यामुळे पोटाचा घेर मोजण्याआधी बुंदीला शांत करायला दहा मिनिटे जायची. बिलात तपासणी आणि साहित्य वेगळे दाखवत नाहीत. गाडी लावायला जागा नाही. भेटीचे 700 रुपये मला जास्त वाटले नाहीत, कारण कोणतीही भेट पंधरा मिनिटांच्या आत संपली नाही.

पाच तारे द्यायची सोय असेल, तर मी चार देईन. पाचवा रात्रीच्या फोनसाठी राखून ठेवला आहे. बुंदीची नसबंदी अजून राहिली आहे. हा दोष काही जातींमध्ये वंशाने उतरतो, त्यामुळे तिची पिल्ले होऊ द्यायची नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरले. पण भुलीचे औषधही लिव्हरलाच निस्तरावे लागते, म्हणून सहाव्या महिन्याचे बाइल ॲसिड पाहूनच तारीख देतो, असे मॅडमनी सांगितले आहे. ती तपासणी येत्या बुधवारी आहे. सोनोग्राफीचे डॉक्टर बुधवारीच येतात आणि मंगळवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा वेळ घ्यायची असल्यास सोमवारी दुपारी चारच्या आत फोन करावा. त्यानंतर तो सहसा लागत नाही.